मसाल्याचा डबा पुन्हा भरा

ताई,
माझं वय ४९. डोंबिवलीत राहतो, नोकरी फोर्टला. तीन वर्षांपूर्वी पत्नी कर्करोगाने गेली. एकुलती एक मुलगी इंजिनीअरिंगसाठी छत्रपती संभाजीनगरला हॉस्टेलवर असते. पत्नी गेल्यापासून घरात चहापुरताच गॅस पेटायचा. सकाळी ऑफिसखालचा नाश्ता, दुपारी हॉटेलची थाळी, रात्री फोनवरून मागवलेलं काहीतरी. या फेब्रुवारीत हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे, बीपीची गोळी सुरू झाली. चिपळूणची मोठी बहीण येऊन सहा आठवडे राहिली, तिने सांभाळलं. आंब्याच्या दिवसांत तिला परत जावं लागलं. जाताना लोणच्याची बरणी आणि पापड ठेवून गेली. हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल, सॅलड असं लिहिलंय. मी दोन आठवडे दुधी उकडून मिठाशिवाय खाल्ला. मग एका संध्याकाळी स्टेशनबाहेर उभ्याउभ्या दोन वडापाव खाल्ले आणि रात्रभर छाती चाचपत जागा राहिलो. त्यानंतर बाहेरचं खाणं पुन्हा सुरू झालंय. जेवायची इच्छाच होत नाही, झोप नीट लागत नाही. मुलगी रोज रात्री विचारते, ‘बाबा, जेवलात का?’ मी सांगतो, ‘हो, भाजी-भाकरी.’ खोटं बोलतो. पत्नी पुण्याची. तिचा मसाल्याचा डबा आणि तिने केलेल्या गोड्या मसाल्याची बरणी अजून ओट्यावर तशीच आहे. ती दिसली की मी दिवा बंद करून बाहेर येतो. कुठून सुरुवात करू?
एक वाचक, डोंबिवली

आधी त्या दुधीबद्दल बोलू, कारण सगळं तिथे अडलंय. दोन आठवडे बिनमिठाचा उकडलेला दुधी खाणारा माणूस पंधराव्या दिवशी वडापावच्या गाडीपाशी उभा राहिला, तर त्यात मला हावरटपणा दिसत नाही. मला भूक दिसते, पोटाची आणि जिभेचीही. तीन वर्षं ज्याला घरचं चवीचं अन्न मिळालं नाही, त्याच्यापुढे झटक्यानंतर आणखी बेचव ताट आलं, आणि तेही त्याचं त्यालाच रांधावं लागलं. हे टिकणार कसं?

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. माझ्या यजमानांची बायपास झाली, त्याला आता बारा वर्षं होतील. ते घरी आले त्या दिवसापासून मी पथ्याच्या नावाखाली त्यांना वाफवलेल्या भाज्या, अळणी वरण आणि कोरडे फुलके वाढले. ते निमूट जेवायचे. चौथ्या महिन्यात कपडे धुताना त्यांच्या पँटच्या खिशात फरसाणाची रिकामी पुडी सापडली. मी त्यांना खूप बोलले. ते एवढंच म्हणाले, ‘मला आपल्या घरचं जेवायचंय.’ ते माझ्या मनाला अजून लागून आहे. मीठ-तेल कमी करायच्या नादात मी त्यांचं जेवणच काढून घेतलं होतं. ज्या माणसाला मी जपत होते, त्यालाच रोज दोन वेळा आजारी असल्याची आठवण करून देत होते.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सांगते: आजाऱ्याचं वेगळं जेवण शिजवायचं नाही. तुमच्या घरात जे शिजायचं तेच शिजवायचं. वरण, आमटी, उसळ, पालेभाजी, भाकरी, माशाचं कालवण, सगळं. मोजायच्या गोष्टी दोनच, मीठ आणि तेल. बाकी लसूण, हिंग, आलं, कढीपत्ता, मिरी, आमसूल, लिंबू, कोथिंबीर यांना तुमच्या कागदावर कुठेही मनाई नसणार.

हॉस्पिटलचा कागद फेकू नका. त्यामागचं म्हणणं बरोबर आहे, नावं तेवढी परकी आहेत. ओट्स सांगतात, कारण त्यातल्या पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंमुळे कोलेस्टेरॉल थोडं उतरायला मदत होते. तसे तंतू राजमा, मटकी, हरभरा, डाळी यांतही असतात. आवडत असतील तर ओट्स जरूर खा, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण आवडत नसताना रोज सकाळी गिळू नका. ब्रोकोली सांगतात ती भाजी पोटात जावी म्हणून. फडके रोडच्या आसपास कुठेही मेथी, माठ, शेपू, दोडका, गवार, पडवळ मिळेल, ब्रोकोलीच्या कितीतरी कमी पैशांत. आणि ऑलिव्ह ऑइल महाग म्हणून स्वयंपाकच सुरू होत नसेल तर ते राहू द्या. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, यांपैकी कुठलंही चालेल, आलटूनपालटून वापरा. कुठलं तेल यापेक्षा किती तेल, हा प्रश्न तुमच्यासाठी मोठा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतल्या ताटाच्या चित्रात जवळजवळ अर्धं ताट भाज्या आणि फळांचं आहे. उरलेल्या अर्ध्यात धान्य, डाळी-कडधान्यं, दूध-दही, थोडे दाणे आणि थोडं तेल. आपलं जुनं ताट डोळ्यांपुढे आणा. डावीकडे कोशिंबीर, उजवीकडे पालेभाजी आणि उसळ, मधे थोडा वरण-भात, एक भाकरी. फार लांब जावं लागत नाही. आपण कोशिंबीर चमचाभर आणि भात डोंगराएवढा घ्यायला लागलो, तिथे बिघडलं.

आता मीठ. इथे जरा थांबते, कारण बीपीची गोळी घेणाऱ्याला हे नीट कळायला हवं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात बाहेरच्या प्रत्येक पदार्थातलं मीठही आलं. तुमच्या डॉक्टरांनी याहून कमी सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. रोज सकाळी एका छोट्या वाटीत पाऊण चमचा मीठ काढून ठेवा. दिवसभराचा सगळा स्वयंपाक त्यातच करायचा. पाव चमचा सोडून दिला तो पावात, बिस्किटात, बाहेरच्या भाकरीत जे लपून येतं त्याच्यासाठी. वाटी रिकामी झाली की झाली. यामुळे हाताला अंदाज येतो, आणि ‘मी अळणी खातोय’ हे दुःख राहत नाही. दोन-चार दिवस कमी वाटेल. काही आठवड्यांत जीभ सरावते, मग हॉटेलची आमटीच खारट लागायला लागते.

तुमच्या पत्रातला एक प्रकार मला खटकला. तुम्ही दुधीतलं मीठ काढून टाकलंत, पण बहिणीच्या लोणच्याची बरणी टेबलावरच असणार. बरोबर ना? बेचव दुधीबरोबर कुणीही लोणचं घेईल. लोणचं टिकतंच मुळी मिठावर, मीठ कमी केलं तर त्याला बुरशी येते. पापडात मीठ असतं आणि पापडखारही असतो, आणि बीपीला नको असलेलं सोडियम पापडखारात आणि खायच्या सोड्यातही असतं. म्हणजे चिमूटभर मिठाची चांगली भाजी नाकारून आपण चमचाभर लोणच्यातून त्याच्या कितीतरी पट मीठ खातो. ती बरणी शेजारी देऊन टाका. बहिणीला वाईट वाटेल असं वाटतंय का? तिला सांगा, पुढच्या वेळी लोणच्याऐवजी कुळथाचं पीठ आणि आमसुलं पाठव. ती आनंदाने पाठवील. सध्या कैरी बाजारात आहे. कैरी किसून त्यात कांदा, थोडा गूळ, लाल तिखट, वाटीतलं चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तेलाची फोडणी घाला. हा तक्कू जेवणाला लोणच्याची सगळी मजा आणतो आणि दोन दिवस फ्रिजमध्ये राहतो.

तयार मसाला आणलात तर पुडीमागची यादी वाचा. बाजारच्या कांदा-लसूण मसाल्यात बहुतेकदा मीठ घातलेलं असतं. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मिठाचा आकडा येतो. सूपची पाकिटं, झटपट शेवया, सॉस यांवरचे आकडे एकदा वाचाच. आणि हो, ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून जे मिळतं ते स्वतःच्या मनाने आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. बीपीच्या काही गोळ्या चालू असताना किंवा मूत्रपिंड कमजोर असताना पोटॅशियम रक्तात साठून हृदयालाच धोका होऊ शकतो. डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

तेलाचं गणित सोपं आहे. एकट्या माणसाला महिन्याला अर्धा लिटर. म्हणजे दिवसाला साधारण तीन चहाचे चमचे. अर्ध्या लिटरची बाटली भरा, तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा, आणि ती महिनाभर पुरवा. वरण-भातावर तूप हवं असेल तर डॉक्टरांची ना नसल्यास अर्धा चमचा घ्या आणि तेवढं तेल कमी करा. कमी तेलात फोडणी होत नाही ही तक्रार खरी आहे, पण दोष कढईचा असतो. मोठ्या कढईत चमचाभर तेल पसरून जातं, मोहरी कोरडीच राहते, करपते. फोडणीची लोखंडी पळी आणा, तिच्यात एक चमचा तेल सुद्धा तळाशी साचतं, मोहरी बुडते, तडतडते. मग जिरं, हिंग, कढीपत्ता, शेवटी गॅस बंद करून हळद, आणि चुरचुरणारी पळी थेट वरणात. त्या आवाजाने घर बदलतं, बघा.

आता रात्रीचं बोलू. तुम्ही आठ-सव्वाआठला घरी पोचत असाल. त्या वेळी कुणालाही चार पदार्थ करायचं बळ नसतं आणि तुम्ही ते करूही नका. पहिले पंधरा दिवस फक्त रात्रीचं जेवण घरी, आणि तेही एका कुकरमध्ये. पाव वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, वाटीभर चिरलेली कुठलीही भाजी, अडीच-तीन वाट्या पाणी, हळद, आल्याचा तुकडा, दोन मिरे. तीन-चार शिट्ट्या. तोवर हातपाय धुवा, काकडी चिरा, दही काढा. कुकर उघडल्यावर पळीतली फोडणी वरून ओता, मीठ तेव्हा घाला, लिंबू पिळा. मीठ शेवटी घातलं की ते जिभेला आधी भेटतं आणि थोडंच पुरतं. अशी खिचडी तीन दिवस सलग खाल्ली तरी काही बिघडत नाही. चौथ्या दिवशी कुळथाचं पिठलं करा. एका चमच्याच्या फोडणीवर कांदा-लसूण, पाणी, दोन आमसुलं, आणि उकळी आली की थंड पाण्यात कालवलेलं पीठ ओतत ढवळत राहायचं. दहा मिनिटांचं काम. चिपळूणच्या माणसाला मी पिठल्याची कृती काय सांगणार, पण तुमच्या हाताला ते आठवावं म्हणून लिहिलं.

तुमचा तो दुधीसुद्धा वाया घालवू नका. अर्धा तास भिजवलेली मूठभर चणाडाळ, हिरवी मिरची, कढीपत्ता, चमचाभर तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी. दुधी आपल्याच पाण्यात झाकण ठेवून शिजतो. उतरवताना लिंबू, कोथिंबीर आणि चमचाभर ओलं खोबरं. हाच दुधी. पण हा जेवायचा आहे, औषध म्हणून गिळायचा नाही.

मटकी सकाळी निघताना भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधून ठेवा. उन्हाळ्यात दुसऱ्या रात्रीपर्यंत छान मोड येतात. ती उसळ दोन वेळा पुरते, दुसऱ्या दिवशी डब्यात नेता येते. भाकरी थापायला लगेच बसू नका. ज्वारीच्या पिठात चिकटपणा धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं, म्हणून ते गरम पाण्यात मळावं लागतं आणि सवयीच्या हातालाच ऐकतं. पहिल्या चार भाकऱ्या फाटल्या की तुम्ही परत फोनवरून मागवाल. त्यापेक्षा डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत, त्यांच्याकडून भाकऱ्या किंवा तेल न लावलेले फुलके घ्या. भाकरी त्यांची, भाजी-आमटी तुमची. यात काही कमीपणा नाही. स्वयंपाक येणाऱ्या बायकासुद्धा आता हेच करतात, मीही करते. भाजी मात्र तिथली शक्यतो नको, तिच्यात किती तेल-मीठ पडलंय ते आपल्या हातात राहत नाही. पंधरा दिवसांनी दुपारचा डबा सुरू करा. रात्रीच जास्तीची उसळ केलेली असली की सकाळी फक्त भरायचं राहतं.

वडापाव. तुम्ही तो नक्की कधी खाता ते आठवा. दुपारी एकला थाळी, मग थेट सात-साडेसातला डोंबिवली स्टेशन. सहा तास पोटात फक्त चहा, आणि गाडीतून उतरल्यावर समोर तळणाचा वास. त्या वेळी मनाचा निग्रह कामी येत नाही, पोटात काहीतरी असावं लागतं. पाच वाजता ऑफिसातच मूठभर बिनमिठाचे फुटाणे आणि एक फळ खा. केळं, पेरू, काहीही. खारे दाणे नकोत, त्यांचं मीठ वरूनच दिसतं. हे एवढं केलंत तर स्टेशनबाहेरची ती पन्नास पावलं सोपी होतील.

आणि खाल्लाच कधी एखादा, तर रात्र जागून काढू नका. एका वडापावाने स्टेंट बंद पडत नाही. रोजच्या तळणाने, पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलाने, पावातल्या आणि चटणीतल्या मिठाने वर्षानुवर्षं नुकसान होतं, ते खरं. सरकारने जानेवारी २०२२ पासून तेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स चरबीवर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण गाडीवरच्या कढईतलं तेल कितव्यांदा तापतंय ते आपल्याला दिसत नाही. म्हणून तो सणासुदीचा पदार्थ करा, महिन्या-दोन महिन्यांतून एक. एका वेळच्या चुकीपेक्षा मला भीती वाटते ती ‘आता मोडलंच आहे तर मोडू दे’ या विचाराची. त्याच विचाराने माणसं गोळ्यांचीही चालढकल करतात. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. पथ्य एखाद्या दिवशी मोडेल, गोळी मोडायची नाही. आणि छातीत खरोखर दडपण वाटलं, घाम फुटला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, श्वास लागला, तर सकाळची वाट बघत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा, शेजाऱ्याची बेल वाजवायची. शेजाऱ्याला हे आजच सांगून ठेवा, घराची एक किल्लीही द्या.

तुमच्या घरात मासळी येत असणार. बांगडा, तारली, पेडवे ही तेलकट मासळी हृदयाला चांगली मानली जाते, ती सोडू नका, रव्यात घोळवून तळणं सोडा. बांगड्याचं तिखलं करा, आमसूल आणि तिरफळ घालून, खोबऱ्याशिवाय किंवा अगदी चमचाभर खोबऱ्याचं. नारळाच्या वाटपाचा हात आखडता घ्यावा लागेल, नारळातली चरबी संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या प्रकारची असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीकडे मन धावेल. सुकट आणि सुके बोंबील बहुतेक नुसते उन्हात वाळवलेले असतात, तरी कोळणीला विचारून घ्या. खारवलेला बांगडा मात्र या वर्षी राहू दे.

आता जरा वेगळं. ‘जेवायची इच्छाच होत नाही, झोप नीट लागत नाही’ असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी त्या ओळीवर थांबले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर मन खचणं फार नेहमीचं आहे, आणि तुमच्या मागे तीन वर्षांचं दुःखही आहे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना बीपीइतकंच स्पष्ट हेही सांगा. ते औषधांत काही बदल करतील किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. त्याआधी रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. खिचडीची कृती मी सांगू शकते, पण मन उठत नसेल तर ती कृती कागदावरच राहील, म्हणून हे आधी करा.

राहिली ती बरणी. गोड्या मसाल्यात सुकं खोबरं असतं, तीळ असतात, खसखस असते. या सगळ्यांत तेल असतं आणि ते काही महिन्यांनी खवट व्हायला लागतं. तीन वर्षांनी तो मसाला आमटीत घालण्यासारखा राहिलेला नाही. हे वाचून तुम्हाला कसं वाटेल ते मला कळतंय. तुम्ही त्या बरणीपाशी दिवा बंद करता, कारण ती उघडली तर संपेल असं वाटतं. पण ती बंद ठेवूनही त्यातला सुगंध चाललाच आहे. थोडा मसाला, दोन चमचे, छोट्या काचेच्या बाटलीत भरा आणि देवापाशी किंवा कपाटात ठेवा, तो तुमचा आहे. उरलेला काढा, बरणी धुवा, उन्हात वाळवा. मुलगी परीक्षा संपवून सुट्टीला आली की हे दोघांनी मिळून करा, एकट्याने करू नका. जेवढं तुमचं गेलं तेवढं तिचंही गेलं आहे, आणि या ओट्यापाशी तिलाही रडायला जागा हवी असेल.

मसाल्याचा डबा मात्र तोवर थांबवू नका. त्यातली मोहरी चालेल, जिऱ्याचा वास गेला असेल तर बदला, हळद-तिखट नवं भरा. छोट्या वाट्या त्याच, छोटा चमचा तोच. त्या चमच्याने तिचा हात वर्षानुवर्षं मोहरी घालत होता. आता तुम्ही त्याच मापाने घाला. मसाला नवा करायचा तर धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, लवंग, दालचिनी हे सगळं वेगवेगळं भाजून दळावं लागतं, आणि प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. तुमच्या घरचं प्रमाण एखाद्या जुन्या वहीत असेल, तुमच्या सासरच्या कुणाला माहीत असेल. विचारा. विचारायला हे चांगलं निमित्त आहे. पावशेराचाच करा, मीठ न घालता, तीन-चार महिन्यांत संपेल एवढा.

आणि मुलीशी खोटं बोलणं थांबवायचं आहे ना? तिला एकदम सगळं कबूल करत बसू नका, ती तिकडे अभ्यास सोडून घाबरेल. येत्या रविवारी दुपारी तिने फोन करायच्या आधी तुम्हीच करा. स्पीकर चालू करून फोन ओट्यावर ठेवा. तिला सांगा, ‘आईसारखी आमटी करायला घेतलीय, मसाला नवा आणलाय, पण गूळ किती आणि आमसुलं किती ते आठवत नाहीये.’ तुरीची डाळ त्याआधीच कुकरला लावून, घोटून ठेवा, म्हणजे बोलता बोलता फोडणी होईल. तिला प्रमाण माहीत असेल. पोरींनी आईला करताना बघितलेलं असतं. मीठ किती, हे मात्र तिला विचारू नका, ते तुमच्या वाटीत सकाळीच काढून ठेवलेलं असेल.